दोन घड्याळे : एकट्या दर्यावर्दीचा वेळेचा हिशेब

१४ एप्रिल रोजी आपल्या विद्यालयात पहाटेपासून लगबग असते. अभिवादन, मिरवणूक, भाषणे आणि सहभोजन यांत दिवस कसा सरतो ते कळत नाही. या गडबडीतूनच थोडा वेळ काढून, भूगोल आणि गणित शिकविणारे आम्ही शिक्षक दरवर्षी एक लहानसा प्रयोग करीत आलो आहोत. पटांगणाच्या मोकळ्या भागात एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी रोवावयाची आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांनी पाहावयाचे, एवढाच तो प्रयोग.

काठी रोवण्यापूर्वीच बहुतेक मुले उत्तर देऊन मोकळी होतात, "बारा वाजता!" घड्याळात बारा वाजतात; सावली मात्र उत्तरेपासून पश्चिमेकडे चांगलीच झुकलेली असते. मुले वाट पाहतात. सव्वाबारा होतात, तरी सावली वळतेच आहे. बारा वाजून बावीस मिनिटांच्या सुमारास ती नेमकी उत्तरेला येते, जेमतेम वीस सेंटिमीटर उरते, आणि मग पूर्वेकडे सरकू लागते. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, घड्याळ चुकलं की सूर्य चुकला?"

तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दर्यावर्दीला हाच प्रश्न रोज पडतो, आणि त्याचे उत्तर चुकले तर आपण कोठे आहोत हेच त्याला कळेनासे होते. स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचे ठरले तेव्हा आम्ही तोच प्रश्न हाती घेतला. समुद्र अकोल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. तथापि समुद्रावरच्या वेळेचे गणित आपल्या पटांगणातील काठीपासूनच सुरू होते.

अकोल्याचा सूर्य आणि भारताचे घड्याळ

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश, आणि एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून ठरते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचले आहे. उत्तर प्रदेशातील मिर्झापूरजवळून ते रेखावृत्त जाते. अकोला सुमारे ७७ अंश पूर्व रेखांशावर आहे. दोहोंतील अंतर साडेपाच अंश. साडेपाच गुणिले चार म्हणजे बावीस मिनिटे. तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे : चूक घड्याळाची नाही आणि सूर्याचीही नाही. घड्याळ मिर्झापूरचा मध्यान्ह सांगते, काठी अकोल्याचा. अमरावती आपल्या थोडी पूर्वेला असल्याने तेथे हा फरक १९ मिनिटांचा आहे. मुंबई पश्चिमेला असल्याने तेथे तो ३९ मिनिटांचा होतो. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यावरही मुंबईने आपली वेगळी ३९ मिनिटे मागची 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

हा प्रयोग १४ एप्रिललाच करण्यास जयंतीच्या आनंदाखेरीज आणखी एक कारण आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि तिचा अक्ष कललेला, यामुळे सूर्याचा मध्यान्ह वर्षभर थोडा मागेपुढे होत असतो. फेब्रुवारीच्या मध्यास तो सुमारे १४ मिनिटे उशिरा येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी सुमारे १६ मिनिटे लवकर. एप्रिलच्या मध्यास मात्र हा फरक जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे त्या दिवशी हाती येणारी बावीस मिनिटे निव्वळ रेखांशाची असतात.

काठी आणखीही एक गोष्ट सांगते. एक मीटर काठीची वीस सेंटिमीटर सावली म्हणजे सूर्य माथ्यापासून सुमारे ११.३ अंश दक्षिणेला आहे. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे ९.४ अंश उत्तरेस असतो. दोन्हींची बेरीज २०.७, आणि हाच अकोल्याचा अक्षांश. म्हणजे सावलीच्या लांबीने अक्षांश कळला आणि सावलीच्या वेळेने रेखांश. सेक्स्टंट हातात घेऊन नौकेच्या डेकवर उभा असलेला दर्यावर्दी याहून निराळे काही करीत नाही. डेक हलत असल्याने त्याला काठी रोवता येत नाही, म्हणून तो क्षितिजापासून सूर्याची उंची मोजतो.

आपल्या परंपरेलाही सावलीचे हे माप अपरिचित नाही. उपसंपदा झाल्याबरोबर सावली मोजावी, ऋतू आणि दिवसाचा भाग सांगावा, असे विनयपिटकात म्हटले आहे. भिक्षुसंघात ज्येष्ठता वयाने ठरत नाही, उपसंपदेच्या वेळेने ठरते. म्हणून ती वेळ नेमकी हवी. भिक्खूंच्या भोजनाची मर्यादाही सूर्याच्या मध्यान्हाची आहे. जेथे घड्याळ नव्हते तेथे सावलीवर इतका भरवसा ठेवला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

समुद्रावर वेळ म्हणजेच जागा

जमिनीवर आपण उलट दिशेने विचार करतो. आपण अकोल्यात आहोत हे ठाऊक असते आणि त्यावरून वेळ ठरते. भर समुद्रात ना गाव असते ना पाटी. तेथे वेळेवरून जागा शोधावी लागते. ग्रीनिच येथील वेळ दाखविणारे एक घड्याळ जवळ ठेवावयाचे आणि आपल्या डोक्यावर मध्यान्ह झाला की त्या घड्याळात किती वाजले ते पाहावयाचे. सूर्याच्या मागेपुढे होण्याची दुरुस्ती केल्यावर आपला मध्यान्ह ग्रीनिचच्या सकाळी आठला आला असेल, तर आपण चार तास, म्हणजे ६० अंश पूर्वेस आहोत. सायंकाळी चारला आला असेल, तर ६० अंश पश्चिमेस.

तत्त्व एवढे सोपे असूनही शतकानुशतके ते हाती लागले नाही, कारण हलत्या जहाजावर वेळ न चुकविणारे घड्याळ कोणापाशी नव्हते. चूक किती महाग पडते ते पाहा. विषुववृत्तावर एक मिनिट चुकले तर जागा १५ सागरी मैलांनी चुकते. चार सेकंद चुकले तर एक सागरी मैल, म्हणजे १,८५२ मीटर. खडक चुकविण्यासाठी एक मैल पुरेसा असतो, आणि खडकावर आदळण्यासाठीही. १७१४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने या प्रश्नाच्या उत्तरासाठी २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले. ते उत्तर सुतारकीचे काम शिकलेल्या जॉन हॅरिसन यांनी दिले. त्यांचे घड्याळ १७६१-६२ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेले, तेव्हा ८१ दिवसांत ते सुमारे पाच सेकंदच चुकले.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारे पहिले दर्यावर्दी जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये बोस्टनहून निघाले आणि १८९८ मध्ये परतले. त्यांच्या जुन्या क्रोनोमीटरच्या दुरुस्तीला १५ डॉलर मागण्यात आले, म्हणून त्यांनी ते घरीच ठेवले आणि काच फुटलेले एक पत्र्याचे घड्याळ एका डॉलरला विकत घेतले. हे वाचून घड्याळाला महत्त्व नाही असे कोणी समजू नये. स्लोकम यांना चंद्राचे ताऱ्यांपासूनचे कोनीय अंतर मोजून ग्रीनिच वेळ काढण्याची अवघड विद्या अवगत होती. त्यांचे खरे घड्याळ आकाशात होते. पत्र्याचे घड्याळ सोबतीला.

कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा प्रथम केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या ३१२ दिवसांत. त्यांची 'सुहैली' ही सागवानी नौका मुंबईत बांधलेली होती, हे महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावे.

आज उपग्रहांमुळे जागा आणि वेळ दोन्ही पडद्यावर दिसतात. मग हे जुने गणित कशाला, असे कोणी विचारील. 'गोल्डन ग्लोब' या शर्यतीत उपग्रहाने जागा सांगणारे यंत्र वापरण्यास मनाई असते. सेक्स्टंट, घड्याळ आणि कागदी नकाशे यांवरच जावे लागते. भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये फ्रान्सहून निघून २३६ दिवसांत ती शर्यत पुरी केली आणि दुसरा क्रमांक मिळविला. तेव्हा हे गणित संग्रहालयात जमा झालेले नाही.

अशा प्रवासात घड्याळ अगदी बिनचूक असावे लागते, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. रोज दोन सेकंद मागे पडणारे घड्याळ उत्तम काम देते. मात्र ते रोज दोनच सेकंद मागे पडले पाहिजे आणि ही गोष्ट नोंदवहीत लिहिलेली असली पाहिजे. दर्यावर्दी घड्याळाचे काटे वारंवार फिरवीत बसत नाही. तो रेडिओवरील कालसंकेत ऐकतो आणि त्या दिवशीची चूक लिहून ठेवतो. ठाऊक असलेली चूक वजा करता येते. ठाऊक नसलेली चूक माणसाला बुडविते.

'म्हादेई'ची वाट

एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणजे नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून 'सागर परिक्रमा' हा उपक्रम आकाराला आला. गोव्यातील दिवाडी बेटावरील कारखान्यात रत्नाकर दांडेकर यांनी ५६ फूट लांबीची 'म्हादेई' बांधली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटल, न्यूझीलंडमधील लिटल्टन, दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवरील पोर्ट स्टॅन्ली आणि दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन असे चार मुक्काम करून १९ मे २०१० रोजी ते मुंबईला परतले. त्यानंतर अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली.

दोंदे यांची वाट पूर्वेकडची होती. पूर्वेकडे जाणारा माणूस सूर्याला सामोरा जातो. त्याचा उद्याचा मध्यान्ह थोडा लवकर येतो. किती लवकर? ५० अंश दक्षिण अक्षांशाचे उदाहरण घेऊ. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश ६० सागरी मैलांचा असतो. ध्रुवाकडे जाताना रेखावृत्ते जवळ येतात, म्हणून ५० अंशांवर तो सुमारे ३८.६ मैलांचाच उरतो. नौका ताशी ६ सागरी मैल, म्हणजे ६ नॉट वेगाने नेमकी पूर्वेला चालली, तर दिवसाला १४४ मैल कापते. १४४ भागिले ३८.६ म्हणजे सुमारे ३.७ अंश. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने जवळजवळ १५ मिनिटे. म्हणजे त्या दर्यावर्दीचा दिवस, एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत, पावणेचोवीस तासांचाच असतो. रोज पाव तास त्याच्या हातून निसटतो.

समुद्रावर १५ अंशांचा एक, असे कालविभाग मानलेले आहेत. एका विभागातून दुसऱ्यात शिरले की नौकेवरचे घड्याळ एका तासाने सरकवावयाचे. ५० अंशांवर एका विभागाची रुंदी सुमारे ५८० मैल, म्हणजे आपल्या उदाहरणातील नौकेला चार दिवसांची वाट. चार दिवसांत चार पाव तास साठतात आणि एक तास होतो. आगगाडीने अकोल्याहून हावड्याला जाताना घड्याळाला हात लावावा लागत नाही, आणि विमानातून परदेशी उतरणारा एकदाच काटे फिरवितो. दर्यावर्दीच्या हातात मात्र हा बदल थेंबाथेंबाने पडत राहतो. एखादा दिवस विसरला तरी काही बिघडले असे वाटत नाही. धोका तेथेच आहे.

किनाऱ्यावरची घड्याळे तर आणखी गोंधळात टाकतात. रेखांशाने पाहिले तर केप टाऊन ग्रीनिचच्या पुढे एका तासाच्या विभागात येते. तेथील सरकारी वेळ मात्र दोन तास पुढे आहे. लिटल्टन बारा तासांच्या विभागात येते. पण न्यूझीलंडमध्ये उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे करतात. देशाचे घड्याळ कायद्याने ठरते. म्हणून बंदरात शिरताना तेथील वेळ विचारून घ्यावी लागते आणि बंदर सोडताना पुन्हा समुद्राच्या हिशेबावर यावे लागते.

हरवलेला आणि सापडलेला दिवस

रोजचा तो निसटलेला पाव तास शेवटी कोठे जातो? पृथ्वीभोवती पूर्ण फेरी म्हणजे ३६० अंश, म्हणजे २४ तास. पाव-पाव तास करीत पूर्वेकडे जाणाऱ्याने एक अख्खा दिवस जमविलेला असतो. १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० हे मुंबईच्या दिनदर्शिकेवर २७३ दिवस भरतात. तेवढ्या काळात दोंदे यांच्या माथ्यावरून सूर्य मुंबईच्या माथ्यापेक्षा एक वेळ जास्त, म्हणजे २७४ वेळा गेला. त्यांचे आयुष्य मुंबईकरांपेक्षा एका तासानेही वाढले नाही. दिवस तेवढे लहान-लहान मिळाले आणि संख्येने एक जास्त झाले.

जो हा हिशेब ठेवीत नाही त्याची तारीख चुकते. मॅगेलनच्या मोहिमेतील 'व्हिक्टोरिया' हे जहाज पश्चिमेकडून जगाला वळसा घालून जुलै १५२२ मध्ये केप व्हर्द बेटांवर पोहोचले. जहाजावरच्या नोंदीप्रमाणे तो बुधवार होता; किनाऱ्यावरचे लोक गुरुवार म्हणत होते. पिगाफेट्टा हा त्या प्रवासाचा वृत्तांतकार रोज न चुकता नोंद करीत आला होता, म्हणून तो चकित झाला. त्याच्या नोंदीत खाडा नव्हता. पश्चिमेकडे जाताना प्रत्येक दिवस किंचित लांबत गेला आणि तीन वर्षांच्या प्रवासात एक दिवस त्या लांबणीत विरघळून गेला.

हा घोळ टाळण्यासाठी १८० अंश रेखावृत्ताच्या आसपास आंतरराष्ट्रीय वाररेषा मानली आहे. लिटल्टनहून पूर्वेला निघाल्यावर सुमारे सात अंशांवर ती लागते. समजा, जागतिक वेळेनुसार २० तारखेचे दुपारचे अडीच वाजले आहेत. रेषेच्या अलीकडे, १७९ अंश पूर्वेला, घड्याळ बारा तास पुढे. म्हणजे तेथे २१ तारखेची पहाट, अडीच वाजलेले. रेषेच्या पलीकडे, १७९ अंश पश्चिमेला, घड्याळ बारा तास मागे. म्हणजे २० तारखेची पहाट, अडीच वाजलेले. काटे जागचे हलले नाहीत. तारीख मात्र एकाने मागे आली. पूर्वेकडे जाणारा ती तारीख दुसऱ्यांदा लिहितो. साठविलेल्या पाव तासांची परतफेड अशी एका रात्रीत होते.

कामे तीन, घड्याळे दोन

एकट्या दर्यावर्दीला वेळ तीन कामांसाठी लागते. पहिले काम जागा शोधण्याचे. दुसरे शरीर सांभाळण्याचे : जेवण, झोप आणि शिडांची देखभाल. तिसरे, इतरांशी दिलेला शब्द पाळण्याचे : ठरलेल्या वेळी किनाऱ्याशी बोलणे, हवामानाचा अंदाज ऐकणे, घरी संदेश पाठविणे.

पहिल्या आणि तिसऱ्या कामासाठी न बदलणारे घड्याळ हवे. ते जागतिक वेळेवर, म्हणजे व्यवहारात ग्रीनिच वेळेवर, लावलेले असते आणि प्रवास संपेपर्यंत त्याला हात लावावयाचा नसतो. नौकेची नोंदवही त्याच वेळेत लिहिणे श्रेयस्कर. दुसऱ्या कामासाठी सूर्याबरोबर चालणारे घड्याळ हवे. एकटा माणूस सलग आठ तास झोपू शकत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी झोपतो, गजर लावून उठतो, क्षितिजावर जहाज आहे का ते पाहतो आणि पुन्हा पडतो. अशा माणसाने अंधारात जेवण आणि उजेडात झोप असा क्रम लावला तर थकवा वाढतो, आणि थकलेला माणूस बेरीज-वजाबाकीत चुकतो. म्हणून शरीराला सूर्याच्या स्वाधीन करावे आणि हिशेबाला ग्रीनिचच्या. या दोघांची सरमिसळ होऊ देऊ नये.

न बदलणाऱ्या घड्याळाची किंमत संकटात कळते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी, आधीच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, अभिलाष टॉमी यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. ऑस्ट्रेलियाचा किनारा हजारो किलोमीटर दूर. शोधकार्याचा समन्वय ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथून चालला. भारतीय नौदलाचे विमान मॉरिशसहून उडाले. २४ सप्टेंबरला त्यांना 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने उचलून घेतले. कॅनबेराचे घड्याळ वेगळे, मॉरिशसचे वेगळे, दिल्लीचे वेगळे. नौका या जागी या वेळी दिसली, असे कोणी कळविले आणि ती वेळ कोणाच्या घड्याळातली हे स्पष्ट नसले, तर वाहत जाणारी नौका भलत्याच ठिकाणी शोधली जाईल. म्हणून शोध आणि बचावाच्या संदेशांत जागतिक वेळ देण्याचा शिरस्ता आहे. अनेक देशांच्या माणसांनी एका माणसाचा जीव वाचवावयाचा, तर त्यांना एक समान वेळ लागते.

पहाटे तीनचा फोन

हे सारे आपल्याला कशाला, असे वाटत असेल तर आमच्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. तो आपल्या वसतिगृहात दहावीपर्यंत होता. आता व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. त्याची आई बार्शीटाकळी तालुक्यातील एका खेड्यात एकटी राहते. पहिल्याच वर्षी त्याचे जहाज पॅसिफिक ओलांडून अमेरिकेकडे चालले होते. एके दिवशी जेवण झाल्यावर, जहाजावर साडेबारा वाजले असताना, त्याला घरी फोन करण्याची संधी मिळाली. जहाज ग्रीनिचच्या नऊ तास मागे असलेल्या विभागात होते. भारताशी फरक साडेचौदा तासांचा, हे त्याने बरोबर काढले. परंतु मिळवावयाच्या ऐवजी वजा केले. साडेबारांतून साडेचौदा तास मागे गेले की आदल्या रात्रीचे दहा. आई अजून जागी असेल, असे समजून त्याने फोन लावला.

खेड्यात तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. पहाटे तीनला येणारा फोन कसली बातमी आणतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही आईला सांगावे लागत नाही. फोन उचलताच ती म्हणाली, "बाबू, बरा हायेस नं?" तो बोलत होता, हसत होता, तरी तिचा विश्वास बसेना. फोन ठेवल्यावर ती माउली उजाडेपर्यंत फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. हे तिने त्याला पुष्कळ दिवसांनी सांगितले, आणि त्याने आम्हांला. "सर, गणित येत होतं. चिन्ह चुकलं," एवढेच तो म्हणाला. आता त्याच्या डाव्या मनगटावर जहाजाची वेळ असते आणि खिशातल्या दुसऱ्या घड्याळात आईची.

त्याच्याकडून आम्ही एक नियम उचलला, तो येथे नोंदवितो. दोन ठिकाणांच्या वेळा एकमेकींतून थेट काढू नयेत. प्रत्येक वेळी ग्रीनिचवरून जावे. आपण ग्रीनिचच्या पश्चिमेस असू तर आपल्या वेळेत तास मिळवून, आणि पूर्वेस असू तर वजा करून, जागतिक वेळ काढावी. मग तीत साडेपाच तास मिळवावे म्हणजे भारताची वेळ येते. साडेबारा अधिक नऊ म्हणजे साडेएकवीस. साडेएकवीस अधिक साडेपाच म्हणजे सत्तावीस. सत्तावीसांतून चोवीस वजा केले की दुसऱ्या दिवसाचे तीन. एक पायरी वाढते खरी. पण चिन्ह चुकत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेक जण घरापासून दूर राहता. येथे घंटेचे घड्याळ आहे : प्रार्थना, अभ्यास, भोजन, निद्रा. घरी दुसरे घड्याळ चालू असते : कापूस वेचणीला निघालेल्या आईचे, रात्रपाळीहून परतलेल्या वडिलांचे. उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी तुम्ही आणखी दूर जाल. कोणी पुण्याला, कोणी परदेशी, कोणी कदाचित समुद्रावरही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी' नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २९ मे २०२५ रोजी त्या परतल्या. तेव्हा आमच्या मुलींनी ही वाट आपली नाही असे समजण्याचे कारण नाही. जेथे जाल तेथील सूर्याप्रमाणे उठा, जेवा, झोपा. पण एक घड्याळ असे ठेवा की ज्याला हात लावावयाचा नाही. आणि फोन उचलण्यापूर्वी समोरच्याच्या घरी किती वाजले आहेत, याची एक बेरीज करा.

स्वाध्याय

१. नागपूर सुमारे ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे. १४ एप्रिलला तेथे काठीची सावली सर्वांत आखूड किती वाजता होईल?

२. एक नौका १५० अंश पश्चिम रेखांशावर आहे. तेथे २० जानेवारीचे सकाळचे सहा वाजले आहेत. अकोल्यात कोणती तारीख व किती वेळ असेल?

३. ६० अंश अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ३० सागरी मैलांचा असतो. ६ नॉट वेगाने नेमक्या पूर्वेला जाणाऱ्या नौकेचा एक मध्यान्ह ते दुसरा मध्यान्ह हा काळ २४ तासांपेक्षा किती कमी भरेल?

४. एक घड्याळ रोज दोन सेकंद मागे पडते; दर्यावर्दीला ते ठाऊक नाही. ३० दिवसांनी विषुववृत्तावर त्याची जागा किती सागरी मैलांनी चुकेल?

५. दोंदे यांच्याच तारखांना निघून आणि परतून एखाद्याने पश्चिमेकडून प्रदक्षिणा केली असती, तर सूर्य त्याच्या माथ्यावरून किती वेळा गेला असता?

उत्तरे : (१) सुमारे १२ वाजून १४ मिनिटांनी. (२) २० जानेवारी, रात्रीचे साडेनऊ. (३) सुमारे १९ मिनिटे. (४) १५ सागरी मैल. (५) २७२ वेळा.